चौदा लाल बाण

त्या दिवशी कॅप्टन हालित मला भेटला असता, तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. तो मरून कित्येक वर्षं झाली असणार, म्हणून सुटला.

"तंबूत बसून काढलाय हा नकाशा," मी म्हणाले. "लोडाला टेकून. खाली उतरून बघायचे कष्ट कोण घेतो!"

शेजारच्या खुर्चीवर काझीसर भिंग घेऊन नकाशाच्या छापील प्रतीवर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बेटा, तंबूत बसून काढलेला नकाशा असा नसतो."

"मग कसा असतो?"

"ते मला नाही माहीत. पण हा तसा नाही."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मे महिना होता, साल दोन हजार तेरा. औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं: सहा संगणक, एक कूलर आणि मालक गुळवेसाहेब. परदेशातले जुने नकाशे यायचे, आम्ही ते संगणकावर चढवून आजच्या नकाशाशी ताडून बघायचो आणि जुना नकाशा किती चुकला याचा तक्ता करून द्यायचो. तुर्कस्तानच्या कामाला हात लावायला आधी कोणीच तयार नव्हतं, कारण कॅप्टन हालितनं १९११ साली काढलेल्या त्या लष्करी नकाशावरची सगळी अक्षरं अरबी वळणाची. शेवटी गुळवेसाहेबांनी उर्दू हायस्कुलातून निवृत्त झालेल्या काझीसरांना धरून आणलं. सरांना तुर्की भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण अक्षर ओळखीचं. ते एकेका गावाचं नाव लावून लावून वाचायचे, मी ते गाव गिऱ्हाइकानं दिलेल्या आजच्या गावांच्या यादीत शोधायची. कॅप्टननं गाव जिथं दाखवलं तिथून ते आज जिथं आहे तिथपर्यंत सॉफ्टवेअर एक लाल बाण काढायचं. बाण जेवढा लांब, तेवढा कॅप्टन चुकलेला.

एकूण एक्केचाळीस गावं. सत्तावीस गावांचे बाण मुंगीएवढे. आणि एका नदीच्या खोऱ्यातल्या चौदा गावांचे बाण तीन-तीन, चार-चार, पाच-पाच किलोमीटरचे! तीन दिवस मी ती गावं पुन्हा पुन्हा तपासत होते आणि तीन दिवस ते चौदा बाण माझ्या डोळ्यांत खुपत होते.

हे काम गंमत म्हणून आलेलं नव्हतं. त्या खोऱ्यात करादेरे नावाचं गाव आहे. गावापासून चार किलोमीटरवर एक टेकडी, टेकडीवर कबरी. एका खाण कंपनीला ती टेकडी फोडायची होती. कंपनी म्हणत होती, टेकडीच्या आसपास गावच नाही, मग या कबरी करादेरेच्या कशा? गाव म्हणत होतं, आमच्याच आहेत, हा बघा जुना नकाशा, यात टेकडीच्या पायथ्याशी करादेरे आहे आणि टेकडीवर कबरस्तानाची खूण आहे. त्यांच्याजवळ पुरावा म्हणून एवढा एकच कागद. सोमवारी कोर्टात तारीख होती. कंपनीच्या सल्लागारांनी आम्हाला काम दिलं होतं ते एवढ्याचसाठी, की हा नकाशा भरवशाचा आहे की नाही ते आकड्यांत सांगा. भरवशाचा नाही असं ठरलं, की टेकडीला सुरुंग लागणार.

हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी माझा राग होता तो कॅप्टनवर. माणसं आपले बापजादे शाबूत राहावेत म्हणून कोर्टात उभी आहेत आणि या गृहस्थानं त्यांच्या हातात असला फाटका पुरावा देऊन ठेवलाय, याचा मला संताप यायचा.

"हे बघ," बुधवारी सकाळी काझीसर म्हणाले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "काय दिसतं?"

"नदी."

"नदीवर?"

नदीवर तीन बारीक चाकं काढलेली होती. नखाएवढीसुद्धा नव्हती, पण तिन्हींचे आरे मोजता येत होते.

"पाणचक्की," सर म्हणाले. "एकीला आठ आरे, दुसरीला सहा, तिसरीला पुन्हा आठ. पन्नास वर्षं पाणचक्कीच्या शेजारी राहतो मी, मला कळतं. जो माणूस चाकाचे आरे मोजतो, तो अख्खं गाव चुकीच्या जागी ठेवेल?"

"ठेवलंय ना पण! आकडे काय खोटं बोलतात? करादेरे चार किलोमीटर दोनशे मीटर चुकलंय, सर."

सरांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. तिथं पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके आणि लाल बाण, बाकी काही नाही. मागे उपग्रहाचं चित्र लावलं की आमची जुनी यंत्रं अडकून पडायची, म्हणून ते बंद ठेवूनच काम करायची ऑफिसात पद्धत पडली होती. यादीत आकडे असताना चित्र हवंय कशाला?

"एक गोष्ट बघितली का बेटा? सगळे बाण नदीपासून लांब पळतायत. एक पण नदीकडे येत नाही. माणूस चुकला तर इकडे चुकेल, तिकडे चुकेल. हा एकाच बाजूला कसा चुकतो?"

आता माझं डोकंच फिरलं. नावं वाचायला आणलेला माणूस मला एररचा अभ्यास शिकवणार!

"सर, तुमचं काम नावं वाचायचं. बाणांचं मी बघते."

काझीसरांनी भिंग रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. त्यानंतर दुपारपर्यंत ते आपला उर्दू पेपर वाचत बसले. मलाही ते बरंच वाटलं.

तीन वाजता गुळवेसाहेब गाडीची किल्ली बोटावर फिरवत माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"किती आला?"

"त्या खोऱ्यात सरासरी चार पूर्णांक एक."

"किलोमीटर?" त्यांनी शीळ घातली. "अरे वा! क्लायंट पेढे वाटेल. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"काहीच नाही अजून."

"लिही की. रकाना रिकामा ठेवू नको, कोर्टात जायचाय."

मी लिहिलं, 'सर्वेक्षकाचा निष्काळजीपणा; या खोऱ्यात प्रत्यक्ष पाहणी केल्याचे दिसत नाही.' इंग्रजीत लिहिलं, आणि खरं सांगते, लिहिताना मला फार बरं वाटलं. तीन दिवसांचा राग त्या एका ओळीत ओतला. खाली माझं नाव, सुवर्णा औटे, मुख्य विश्लेषक. प्रत्येक पानावर सही. तीन वर्षांत माझ्या तक्त्यात एक चूक निघाली नव्हती, गुळवेसाहेब नव्या गिऱ्हाइकांना माझेच तक्ते नमुना म्हणून दाखवायचे. चार वाजता अहवाल गेला. पाच वाजता तिकडून आभाराचं पत्रही आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी आपणहून काझीसरांच्या टेबलाशी जाऊन बसले. आदल्या दिवशी मी बोलले ते माझं मलाच लागलं होतं, पण माफी मागायची माझी रीत नव्हती. मी डबा उघडून त्यांच्यापुढे शेंगदाण्याची चटणी सरकवली. त्यांनी चटणी घेतली, मला दोन नानखटाया दिल्या. तेवढ्यात भागलं.

त्यांच्यापुढे उर्दू पेपर पसरलेला होता. त्या वर्षी दुष्काळ भयंकर होता, शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. पेपरात पैठणच्या नाथसागराचा मोठा फोटो होता. धरण आटलेलं, भेगा पडलेला गाळ आणि गाळातून वर आलेले भिंतींचे पाये.

"बेटा, तुमचं गाव कुठलं?" सरांनी विचारलं.

"बोरसांगवी."

"पैठणकडचं? नदीकाठचं?"

"नदीकाठचं नाही सर, माळावरचं. मुरुमाचा माळ नुसता. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं."

"असं कसं?" सर घास हातात धरून थांबले. "मी गेलोय बोरसांगवीला. एकाहत्तर साली, नवीन नोकरी लागली होती तेव्हा. घाटाच्या वर एक दर्गा होता. उरूस होता. तुमच्या गावच्या लोकांनी आम्हाला नदीच्या वाळूतली टरबुजं कापून दिली, एवढी मोठी! घाटावर पाय सोडून खाल्ली आम्ही. माळावर टरबूज कुठून येईल?"

"ते जुनं बोरसांगवी, सर. धरणात गेलं. मी नव्या गावात जन्मले."

"नाव तेच?"

"नाव तेच ठेवलं लोकांनी."

सरांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. मग अगदी साध्या आवाजात, शाळेत फळ्याकडे बघत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग कोणी तुझ्याजवळच्या यादीसारखी यादी केली, तर तीत कुठलं बोरसांगवी येईल?"

मी डबा तसाच टाकून उठले.

संगणकावर मागचं उपग्रहाचं चित्र लावलं. यंत्र घरघरत बसलं, एकेक चौकोन भरत पडदा रंगू लागला. दहा मिनिटं मी उभीच होते. आधी तपकिरी डोंगर आले, मग शेतांचे पट्टे, आणि मग पडद्याच्या मधोमध निळं पाणी पसरत गेलं. केवढं मोठं धरण! कॅप्टन हालितची चौदाच्या चौदा गावं त्या निळ्या पाण्यात होती. माझी चौदा गावं धरणाच्या कडेनं, डोंगराच्या उतारावर.

नदीपासून लांब पळत होते ते बाण नव्हते, माणसं होती. आपलं चंबूगबाळं घेऊन वर चढलेली.

मग मी जे बुधवारच्या आधी करायला हवं होतं ते गुरुवारी केलं. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांनी साठच्या दशकात काढलेले फोटो आता कोणालाही मिळतात. त्या खोऱ्याचा धरणाआधीचा एक फोटो सापडला. काळापांढरा, पण गावं स्वच्छ दिसत होती. काझीसर शेजारी बसून पुन्हा एकेक नाव वाचत गेले आणि मी जुन्या गावांवर नवे ठिपके ठेवत गेले. पाच वाजता तक्ता पूर्ण झाला. चौदा गावांची सरासरी चूक एकशेवीस मीटर. करादेरेची तर ऐंशी. दोन पाणचक्क्यासुद्धा फोटोत ओळखू आल्या. कॅप्टननं ठेवल्या तिथंच होत्या. गडी एकेक गाव पायांनी तुडवून आला होता.

मी तक्ता छापून गुळवेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"कालचा अहवाल परत घ्यायचाय."

त्यांनी तक्ता वाचला. त्यांना एका मिनिटात समजलं. माणूस हुशार होता, हीच तर पंचाईत होती.

"दार लाव," ते म्हणाले. "हे आणखी कोणाला माहितीये?"

"काझीसरांना."

"ठीक. आता ऐक. आपल्याला यादी कोणी दिली? क्लायंटनं. यादीत आजची ठिकाणं होती की नाही? होती. आपण ती वापरली की नाही? वापरली. पद्धत पाळली. विषय संपला."

"साहेब, चूक नकाशाची नाही, आपली आहे."

"आपली म्हणजे कोणाची? बिंदू कोणी निवडले?"

"मी."

"कारणाच्या रकान्यात निष्काळजीपणा कोणी लिहिला?"

"तेही मीच."

"सही कोणाची आहे?"

"माझी. म्हणूनच म्हणतेय, परत घ्या!" माझा आवाज केबिनबाहेर गेला असणार, कारण बाहेरचा कीबोर्डांचा आवाज थांबला. "सोमवारी तो कागद वाचून ती टेकडी कंपनीला देतील. मग सुरुंग लावतील. कबरी आहेत तिथं!"

"तुझ्या आहेत का?" गुळवेसाहेब म्हणाले. "तुझं कोण पुरलंय तुर्कस्तानात? सुवर्णा, डोकं शांत ठेव. क्लायंटला हवा होता तो आकडा आलाय, तो खूश आहे. आता कशाला खाजवतेस? त्यांना कळवलं तरी ते पुढे पाठवणार आहेत का? केराच्या टोपलीत जाईल."

"मग मी सरळ कोर्टाला पाठवते. खटल्याचा नंबर आहे आपल्याकडे. गावाच्या वकिलाचा पत्ताही आहे."

आता त्यांचा चेहरा बदलला. किल्ली टेबलावर ठेवून ते उठले.

"पाठव. खुशाल पाठव. आणि त्यात काय लिहिशील ते पण मला सांग. मी चार किलोमीटर चुकले? अहो, मला धरण दिसलं नाही? मुख्य विश्लेषक! तू स्वतः धरणग्रस्ताची मुलगी ना? नोकरीच्या अर्जाला दाखला जोडला होतास, मी बघितलाय. आणि तुला धरण दिसलं नाही! हसतील लोक. या धंद्यात तुला दारात कोणी उभं करणार नाही."

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं. कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांचा राग आला, पण त्यांच्यावर ओरडावं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. ते फक्त माझी चूक विकून मोकळे झाले होते. चूक केली होती मीच.

"हसू देत," मी म्हणाले.

"मग उद्यापासून यायचं नाही."

"नाही येत."

बाहेर येऊन मी माझ्या जागेवर बसले. काझीसर खुर्ची ओढून जवळ बसले, भिंग रुमालातून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"सर, तुम्ही जा. तुमचंही काम जाईल."

"मला पेन्शन आहे," सर म्हणाले. "लिही."

लिहायला अर्धा तास लागला. रागात लिहिलं, पण या वेळी राग कोणावर काढायचा ते मला ठाऊक होतं. 'नकाशाची चूक चार किलोमीटर नसून एकशेवीस मीटर आहे. चौदा गावे धरणामुळे स्थलांतरित झाली आहेत. ही गोष्ट मी तपासली नाही. चूक सर्वेक्षकाची नाही, माझी आहे.' सोबत दोन्ही तक्ते, दोन्ही चित्रं.

"कॅप्टनबद्दल?" सरांनी विचारलं.

"लिहिलं ना, चूक त्याची नाही."

"तसं नाही. निष्काळजी म्हणालीस ते."

मी आणखी एक ओळ घातली. 'सर्वेक्षकाने या खोऱ्यातील प्रत्येक गाव प्रत्यक्ष पाहिले होते. त्याच्याविषयीचा माझा शेरा मी मागे घेते.' पत्र कोर्टाला, वकिलाला आणि कंपनीच्या सल्लागारांना, तिघांनाही एकदमच पाठवलं. मग डबा उचलला आणि निघाले. गुळवेसाहेब केबिनच्या काचेतून बघत होते. काझीसर माझ्यामागून जिना उतरले. कोपऱ्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. कोर्टाकडून नव्हे, वकिलाकडूनही नव्हे. करादेरेच्या मुख्तारानं, म्हणजे त्यांच्याकडच्या सरपंचानं, स्वतः लिहिलं होतं. नाव जेमाल. पत्र आजच्या तुर्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे काझीसरांचा इथं काही उपयोग नव्हता. मी ते संगणकाकडून भाषांतर करून घेतलं आणि सरांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवलं.

कोर्टानं आमचा अहवाल बाजूला ठेवला होता. जागेवर जाऊन नव्यानं मोजणी करायचा हुकूम दिला होता आणि तोवर टेकडीला हात लावायचा नाही असंही सांगितलं होतं. एवढं एका वाक्यात. मी मनातल्या मनात पुढच्या वाक्यात आभार शोधत होते. ते नव्हते.

'बाई,' त्यानं लिहिलं होतं, 'तुमचं पहिलं कागदपत्र कोर्टात आमच्यादेखत मोठ्यानं वाचलं गेलं. तुम्ही आमच्या गावाला चार किलोमीटर हलवलंत. सरकारनं हलवलं तेव्हा निदान ट्रक पाठवले होते. ती टेकडी आमच्या जुन्या घरांच्या परसदारी आहे. माझी आजी तिथं आहे. आम्ही वर आलो तेव्हा तिला आणता आलं नाही. तुम्ही हिंदुस्थानात बसून तीन दिवस मोजत होतात म्हणे. गाव कुठे होतं, हे गावाला का विचारलं नाही? आमच्यातल्या कोणीही सांगितलं असतं.'

खाली सही. बस.

"चिडलाय," मी म्हणाले.

"चिडणारच," सर म्हणाले. "चुकीचं काय लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी बोरसांगवीला गेले. नोकरी गेल्याचं घरी सांगायचं होतंच. अण्णा ओट्यावर बसून टँकरची वाट बघत होते, समोर चार रिकामे ड्रम. आईनं चहा दिला. मी सगळं सांगितलं, कॅप्टन, बाण, धरण, पत्र. नोकरीचं सांगितलं तेव्हा अण्णा चहा पीत राहिले. मुख्तारानं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा मात्र त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजी तूबी," ते म्हणाले.

"अण्णा, मला यादीत..."

"यादी कसली सांगती मला? आमचं गाव उठवाया आले तव्हा त्यांच्याबी हातात यादीच व्हती. झाडाखाली टेबल मांडलं, यादी वाचली अन् गेले. घाट कुठं हाय, मसणवटा कुठं हाय, कोणी इचारलं? कोणी न्हाई. मी बावीस वर्साचा व्हतो. म्हणलं, शिकलेले लोक हायेत, यांना काय ठावं! आता माझी लेक शिकली, तिनंबी यादीच वाचली."

"चूक झाली ना. लिहून दिलं मी तसं."

"त्या मानसाला लिहून दिलं. मला काय दिलं?" अण्णांचा आवाज चढला, आई दारात येऊन उभी राहिली. "सव्वीस वर्साची झाली तू. माझा बाप कुठं जाळला, कव्हा इचारलं? आपलं घर कुठं व्हतं, कव्हा इचारलं? दाखला पायजे व्हता तव्हा तेवढं धरणग्रस्त म्हनून माझी सही घेतली."

खरंच कधी विचारलं नव्हतं. गाव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हा माळ यायचा, हे ड्रम, ही पत्र्याची शाळा. पाण्याखाली काही आहे हे माहीत होतं, जसं सगळ्यांना माहीत असतं. ते कुठं आहे हे माहीत नव्हतं. माझंच गाव मी तसल्याच यादीवरून धरलं होतं.

थोड्या वेळानं मी पिशवीतून लॅपटॉप काढला. आटलेल्या नाथसागराचं उपग्रहाचं चित्र आदल्या दिवशी उतरवून घेतलं होतं. गाळाचा पट्टा मोठा करून मी तो अण्णांपुढे धरला.

"अण्णा," मी म्हणाले, "आपलं घर कुठं होतं?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठले, खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला, काठी घेतली. ओट्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी खाली, धरणाच्या दिशेनं बघितलं. ऊन चढायला लागलं होतं.

"सहा किलोमीटर हाय," ते म्हणाले. "ते मशीन ठिव घरात. चपला घाल."